शेजाऱ्याशी गोडी आहे? मग आजच वही काढा

शेजाऱ्याशी तुमचं भांडण चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही मोजणीचे पैसे भरलेत, वकील धरलाय, तारखेला जाताना डबाही बरोबर नेता. तुमचं सगळं रांगेला लागलेलं आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्यांची. ज्यांच्या बांधावरचं लिंबाचं झाड नेमकं कुणाच्या हद्दीत आहे हे दोन्ही घरांना ठाऊक नाही, ज्यांच्या विहिरीचा वार तोंडी ठरतो, ज्यांच्या स्वयंपाकघरात शेजारणीचा सोऱ्या गेल्या दिवाळीपासून पडून आहे, अशा लोकांचं संरक्षण सताड उघडं आहे. उद्या शेजारी उलटला तर काय करणार? सोऱ्या उगारणार?

माझीही गत तीच होती. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाच्या अंगाला. माझं साडेचार एकर आणि त्याला लागून बप्पांचं सहा एकर. बप्पांशी बोलाचाली बंद आहे असा एक दिवस गेल्या तीस वर्षांत उगवलेला नाही. माझी पेरणी त्यांच्या ट्रॅक्टरने होते, आमच्या घराची चावी त्यांच्या देवळीत असते. परवापर्यंत मी हे अभिमानाने सांगत होतो. मग अमेरिका आणि कॅनडाबद्दल वाचलं आणि झोप उडाली.

या दोघांची सीमा ८,८९१ किलोमीटर. दोन देशांमधली एवढी लांब सीमा जगात दुसरी नाही आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी साधं काटेरी तारेचं कुंपणही नाही. कॅनडा तेव्हा इंग्रजांचा. अमेरिका आणि इंग्रज तिथे शेवटचे लढले ते १८१२ च्या युद्धात. १८१७ साली त्यांनी करार केला की सरहद्दीवरच्या सरोवरांत दोघांनीही मोजक्याच लढाऊ बोटी ठेवायच्या, प्रत्येक बोट शंभर टनांच्या आत आणि तिच्यावर तोफ एकच, तीही अठरा पौंडी. आपल्याकडे दोन भावांत ‘एका विहिरीवर पाच-पाचच्याच मोटारी बसवू’ असं ठरतं, तसंच हे. फरक एवढाच की त्यांनी ते पाळलं.

आणि अशा ऐन गोडीत, मे १९३० मध्ये, अमेरिकेच्या युद्धमंत्र्याने आणि नौदलमंत्र्याने ९४ पानांच्या एका योजनेला मंजुरी दिली. नाव ‘वॉर प्लॅन रेड’. इंग्रजांशी युद्ध झालंच तर कॅनडा कसा गिळायचा, याचा सगळा तपशील त्यात होता. आधी हॅलिफॅक्सचं बंदर घ्यायचं, म्हणजे इंग्लंडहून येणारी कुमक दारातच अडते. मग नायगाराची वीजकेंद्रं. विनिपेगला रेल्वेचे सगळे फाटे एकत्र येतात, ते धरलं की देशाचे दोन तुकडे. सडबरीच्या निकेलच्या खाणीही विसरले नव्हते. शेजाऱ्याच्या घरात कुठल्या कोनाड्यात काय ठेवलंय हे इतकं बारकाईने फक्त मित्रालाच ठाऊक असतं. म्हणून पहिला सल्ला हाच की योजना शत्रूविरुद्ध आखू नका. तो सावध असतो, दार लावून घेतो. मित्र चहा टाकतो.

तुम्ही म्हणाल, ही गोऱ्यांची रिकामपणची कामं. तर आमच्या दारातलंच सांगतो. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम सरकार आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. कागदावर वर्षभराचा सलोखा. त्याच वर्षात सदर्न कमांडचे जनरल गोडार्ड यांनी योजना आखून ठेवली, एक फौज सोलापूरकडून आणि दुसरी बेझवाड्याकडून, म्हणजे आजच्या विजयवाड्याकडून. सोलापूरची फौज १३ सप्टेंबर १९४८ ला हद्दीत शिरली, बोरी नदीवरचा पूल कुणी उडवायच्या आत हाती आला आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. १७ तारखेला निजामाने हात टेकले. आमच्याकडची थकलेली माणसं अजून वय सांगताना ‘पोलीस ॲक्शनला मी पाळण्यात होतो’ असं म्हणतात. रझाकारी ज्या घरांनी भोगली त्यांच्यासमोर या योजनेची थट्टा करायची माझी छाती नाही, आणि करायचीही नाही. मी फक्त एवढंच पाहिलं की कागद आधी तयार होता. माझ्याकडे बप्पांविरुद्ध चिठ्ठीसुद्धा नव्हती.

तेव्हा वही घ्या. दोनशे पानी, रेघांची. पहिल्या पानावर गणपती काढायचा मोह टाळा.

सुरुवात रंगापासून करायची. अमेरिकनांनी नावं लिहिली नाहीत, रंग लिहिले. स्वतः निळे, इंग्लंड लाल, कॅनडा किरमिजी, जपान नारिंगी, जर्मनी काळा, मेक्सिको हिरवा. लाल गोटातल्या बहुतेकांना लालीतलाच एखादा रंग दिलेला. आपणही त्या यादीत होतो बरं का. हिंदुस्थानचा रंग माणिक. आता तारखा बघा. ज्या मे महिन्यात ही योजना मंजूर झाली, त्याच महिन्याच्या ५ तारखेला गांधीजींना मिठाच्या सत्याग्रहात अटक झाली. इकडे लोक इंग्रजांच्या लाठ्या खात होते आणि तिकडे वॉशिंग्टनच्या कपाटात त्यांचं नाव इंग्रजांच्या फौजेत घालून ठेवलेलं होतं. योजना आखणाऱ्याने असल्या बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं. शेजाऱ्याचा सालगडी शेजाऱ्यावर दोन वर्षांपासून चिडलेला असला तरी तुमच्या वहीत तो माणिकच. मी बप्पांना लाल दिला, त्यांच्या मेव्हण्याला किरमिजी. घरातल्या मंडळींनी वही बघितली आणि विचारलं, ‘साड्यांचा हिशोब आहे का?’ म्हणजे गुप्तता उत्तम साधली होती.

यानंतर टेहळणी. यातले आपले गुरू म्हणजे कॅनडाच्या सैन्यातले लेफ्टनंट कर्नल जेम्स सदरलँड ब्राऊन, टोपणनाव ‘बस्टर’. किरमिजी रंगवालेही काही गाफील नव्हते. या गृहस्थांनी १९२१ सालीच, म्हणजे अमेरिकेच्या नऊ वर्षं आधी, आपली योजना लिहून काढली होती. अमेरिका चढाई करणार असं दिसताच आपणच आधी आत घुसायचं, सिॲटल, मिनियापोलिस, ऑल्बनी अशा शहरांपर्यंत मुसंडी मारायची आणि मग पूल उडवत, रूळ उखडत मागे यायचं. तेवढ्या वेळात इंग्लंडहून मदत पोचेल. इंग्लंडने तशी काही तयारी केलेली नव्हती. पण सोयरे वेळेला येतील हे धरूनच आपणही लग्नाचा अंदाज बांधतो.

तर हे ब्राऊनसाहेब साध्या कपड्यांत मोटारीत बसले, बरोबर चार-दोन अधिकारी घेतले आणि अमेरिकेत शिरले. रस्त्यांचे, पुलांचे फोटो काढले. पेट्रोल पंपावर फुकट मिळणारे नकाशे गोळा केले. शत्रूच्या मुलखावर स्वारी करायची आणि नकाशा शत्रूच्याच पंपावरून, तोही फुकट. याला म्हणतात नियोजन. व्हरमाँटच्या लोकांबद्दल त्यांनी नोंद केली की ही माणसं अगदी आळशी नसली तरी काम फार निवांत करतात आणि मधून मधून बसून गप्पा मारण्यावर त्यांचा विश्वास दिसतो. हे वाचताना मला क्षणभर वाटलं, साहेब आमच्या पारावर बसून गेले असावेत.

मीही साध्या कपड्यांतच निघालो. दुसरे नाहीतच. बप्पांच्या गोठ्यापाशी बाज टाकलेली होती. वहीत नोंदी अशा: शत्रूकडे म्हशी दोन, पैकी एक भाकड. ट्रॅक्टरचा सेल्फ गेलेला, रात्री उतारावर लावतात, सकाळी ढकलून चालू करतात. म्हणजे उताराच्या तोंडाशी दगड ठेवला की शत्रूचं चिलखती दळ जागच्या जागी थंड. कुत्रं आहे, पण मला बघून शेपूट हलवतं. बोअरची खोली ३२० फूट, स्वतः शत्रूने सांगितलेली.

इथे एक अडचण आली ती सांगून ठेवतो, तुम्हालाही येईल.

‘मास्तर, बोअरची खोली कशाला की?’ बप्पांनी विचारलं.

‘असंच. माहिती असावी.’

‘बोअर घ्यायलाव का काय? घेऊ नका. खाली पाणी न्हाई, नुसती धूळ हाय. माझंच न्या की चार पाईप टाकून. सोयाबीन झाल्यावर बघू आपण पैशाचं.’

आता सांगा, यावर वहीत काय लिहायचं? मी लिहिलं, ‘शत्रूने पाण्याच्या आघाडीवर बिनशर्त शरणागती पत्करली, पण पत्करण्याची पद्धत संशयास्पद.’ त्यानंतर भजी आली. पुढची नोंद तेलकट आहे, वाचता येत नाही.

आता लक्ष्य ठरवणं. हॅलिफॅक्स आमच्याकडे नाही, मांजरा आणि बोरीत बंदर होण्याइतकं पाणी कधी टिकलंच नाही. पण नायगारा आहे. आमचा नायगारा म्हणजे डीपी, शेतातल्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. (नळदुर्गाचा नर-मादी धबधबा आहे, पण तो वीज देत नाही आणि पाऊस झाला तरच दिसतो.) डीपी उडवली की बप्पांची मोटार बंद, ऊस वाळला, युद्ध खलास. फक्त माझी मोटारही त्याच डीपीवर आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आपोआपच जळाली तेव्हा बप्पांनी आणि मी वर्गणी काढून, टेम्पो लावून, ती उतरवून नेली आणि भरून आणली. बारा दिवस लागले. तेव्हा नायगारावर हल्ला करण्याआधी टेम्पोचं भाडं वेगळं काढून ठेवावं आणि उतरवायला बप्पांनाच बोलवावं, त्यांना खांबावर चढता येतं.

रात्रीच्या हल्ल्याबद्दल पुस्तकांत फार लिहिलेलं असतं. शत्रू झोपेत असताना. हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे दिवसा लाईट असावी. आमच्याकडे थ्री फेज रात्री येते, तेव्हा शत्रू आणि मी दोघंही दीड वाजता आपापल्या मोटारीपाशी बॅटरी घेऊन उभे असतो. मागच्या बुधवारी मी हल्ल्याची चाचपणी करायला बांध ओलांडला तर बप्पा ओरडले, ‘मास्तर, जपून, तिथं आत्ताच नाग गेलाय,’ आणि घरापर्यंत माझ्या पुढे बॅटरी मारत आले. शत्रूने दिलेल्या उजेडात माघार घेण्याची लष्करी इतिहासातली ही पहिली वेळ असावी.

आमचं विनिपेग म्हणजे शिवरस्ता. तो नांगरून टाकला की बप्पांचा ऊस कारखान्याला जाऊच शकत नाही. मग ते तहसीलदारांकडे मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली कलम ५ चा अर्ज करतील. हा कायदा १९०६ चा, म्हणजे वॉर प्लॅन रेडपेक्षा जुना आणि त्याच्यापेक्षा जास्त वापरला गेलेला. पंचनामा होईल, पाहणी होईल, निकाल लागेल, वर पुनरीक्षण अर्ज होईल. अमेरिकेने विनिपेग किती दिवसांत घ्यायचं ठरवलं होतं कोण जाणे, आमच्याकडे निदान पोरगं दहावी होईपर्यंत चालतं.

रसदेकडे दुर्लक्ष करू नका. मराठवाड्याच्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण सांगतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा रामदेवराव किल्ल्यात होते. किल्ला असा की खंदक, तुटलेले कडे, आतली अंधारी, हातात पेटता पलिता असला तरी आपलाच पाय आपल्याला दिसत नाही. वर्षभर तग धरता आला असता. पण सांगतात की वेढ्याच्या आधी घाईघाईने वर चढवलेल्या गोण्या उघडल्या तर धान्याऐवजी मीठ निघालं. मी लगेच माझ्या कोठीतल्या गोण्या उघडल्या. तीनमध्ये ज्वारी निघाली. चौथीत बप्पांची तूर. त्यांच्या घराचा स्लॅब गळत होता म्हणून ठेवायला दिलेली आणि दोघंही विसरलेलो. म्हणजे वेढा पडलाच तर मी शत्रूच्या वरणावर लढणार.

निमित्त शोधायला फार कष्ट पडत नाहीत. १८५९ च्या १५ जूनला अमेरिका-कॅनडाच्या सरहद्दीवरच्या सान हुआन बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने आपले बटाटे उकरणारं डुक्कर गोळी घालून मारलं. डुक्कर निघालं इंग्रज कंपनीचं. दोन्हीकडून फौजा आल्या, लढाऊ जहाजं आली, तोफा लागल्या. मग तब्बल बारा वर्षं बेटाच्या एका टोकाला अमेरिकन छावणी, दुसऱ्या टोकाला इंग्रजांची, आणि सणासुदीला एकमेकांकडे जेवायला. शेवटी १८७२ साली जर्मनीच्या कैसरने निवाडा दिला, बेट अमेरिकेचं. मेलं एकटं डुक्कर. आपल्याकडे कैसर नाही, पण बारा वर्षं आहेत. २०२३ साली सरकारने ‘सलोखा’ योजना काढली. माझी जमीन तुझ्या ताब्यात आणि तुझी माझ्या ताब्यात, असं बारा वर्षं चाललेलं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. मी चौकशी केली. कारकून म्हणाला, आधी वाद पाहिजे. आमच्यात वादच नाही, म्हणून दोन हजारात मिळणारा सलोखाही मिळेना.

कॅनडा आणि डेन्मार्कचंही एक युद्ध होतं, हान्स नावाच्या उघड्याबोडक्या बेटावरून. कॅनडावाले जायचे, झेंडा रोवून व्हिस्कीची बाटली ठेवून यायचे. डॅनिश यायचे, ती उचलायचे आणि आपली ठेवायचे. २०२२ साली दोघांनी बेट वाटून घेतलं. आमच्या बांधावर हा प्रयोग करून पाहिला असता, पण बाटली बांधावर सकाळपर्यंत टिकेल अशी माणसं गावात नाहीत.

कुणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाची लाज वाटते. वाटू देऊ नका. २०११ साली अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडमध्ये चालत्या मुडद्यांशी लढण्याची योजना रीतसर क्रमांक देऊन लिहिली गेली होती. नवशिक्या अधिकाऱ्यांना सराव म्हणून. खऱ्या देशाचं नाव घातलं तर उगीच कुणाचा गैरसमज व्हायचा म्हणून मुडदे घेतले म्हणे. १९३० साली हे सुचलं असतं तर कॅनडाची एवढी बदनामी झाली नसती.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, गुप्तता. ब्राऊनसाहेबांच्या योजनेचं बरं झालं. पुढे आलेल्या सेनाप्रमुखांनी, मॅकनॉटन यांनी, ती रद्द केली आणि कागद जाळायला लावले. अमेरिकेचा लाल प्लॅन १९७४ साली खुला झाला, तोवर तो आखणारे पेन्शनीच्याही पलीकडे गेले होते. पण १९३५ साली त्यांचंही एकदा फुटलंच. कॅनडाच्या सरहद्दीजवळ गुपचूप विमानतळ बांधायचे, अशा अर्थाच्या साक्षी संसदेच्या समितीपुढे बंद दाराआड झाल्या आणि सरकारी छापखान्याने त्या चुकून छापून टाकल्या. पेपरात पहिल्या पानावर आलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना सारवासारव करावी लागली.

मी यातून धडा घेतला आणि वहीची एक प्रत तालुक्याच्या गावी झेरॉक्स करून ठेवायची ठरवली. जळाली, भिजली, उंदरांनी खाल्ली तर काय घ्या. बावीस पानं. दुकानात गर्दी होती, आठवडी बाजाराचा दिवस. मूळ वही घेऊन एसटी गाठली. झेरॉक्स तिथेच राहिली. दुकानदार माणूस प्रामाणिक. त्याने पानं चाळली, शेतं ओळखली आणि संध्याकाळी बाजारातून परतणाऱ्या बप्पांना हाक मारली, ‘तुमच्याच शेजारच्यांचे कागद आहेत, जाता जाता देऊन टाका.’

बप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हातात गुंडाळी. मी बाजेवरून उठलो, बसलो, परत उठलो.

‘लई बारीक काम केलंय मास्तर,’ ते म्हणाले. ‘चष्मा लावून रात्री सगळं वाचलं. दोन-चार जागी चुकलाव, तेवढं नीट करून आणलंय.’

खरंच करून आणलं होतं, नातवाच्या लाल पेनाने. म्हशींच्या पुढे, ‘भाकड नाही, पाचवा महिना.’ ट्रॅक्टरच्या पुढे, ‘सेल्फ बसवला.’ डीपीच्या पानावर, ‘उसाला एक पाणी होऊ द्या, मग उडवा.’ बोअरची खोली खोडून ४२० केली होती.

‘बप्पा, तीनशेवीस तुम्हीच सांगितलं होतं.’

‘घरातलं माणूस पलीकडं भजी तळत होतं की.’ आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘वरच्या शंभर फुटाचं पैसं उसनं आणलं होतं, अजून सांगितलं न्हाई. ती तेवढी तुमच्या वहीतच राहू द्या.’

मी चहा टाकायला सांगितला. बप्पा नको म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा. घाईत असतील. उंबऱ्यापाशी वहाणा घालता घालता वळले आणि म्हणाले, ‘आन ती सोऱ्या द्या की. घरात मागायल्यात.’

दिला. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. आताच कशाला लागला असेल?